गोल धोंड्यांची वाटणी

माणदेशात एक शेतकरी होता. त्याला तीन मुलं. थोरली लेक, तिला सगळे आक्का म्हणत. मग दादा, मग बापू. जमीन म्हणाल तर ओढ्याकाठी काळ्या मातीचा मळा, वर डोंगरालगत माळ आणि दोन्हींच्या मध्ये एक विहीर. 1972च्या दुष्काळात त्या शेतकऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं सरकारी कामावर खडी फोडली होती. पाणी नसलं की दगड फोडावे लागतात, मग ते दुसऱ्याच्या रस्त्यासाठी कशाला फोडायचे, असा हिशेब करून पुढच्या उन्हाळ्यांत त्यांनी आपल्याच रानात विहीर पाडली.

पोरं कळती झाल्यावर बाप त्यांना विहिरीच्या पायऱ्यांवर बसवून समोरची उघडी बाजू दाखवी. वर काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली पिवळट माती. मग कुदळीनं निघणारा मुरूम. मग पहारीला दाद देणारा मांजऱ्या. तळाशी काळा फत्तर, सुरुंगाशिवाय न हललेला. बाप म्हणे, "ह्ये समदं येकच हाय. वरची माती म्हंजे खालचाच दगूड. वर याला त्येला लई दिस लागलं." पोरांना ते काही खरं वाटत नसे. दगड तो दगड आणि माती ती माती, हे शेंबडं पोरही सांगेल.

बापाचं म्हणणं मात्र खरं होतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचून गोठला, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग आज त्याच काळ्या दगडावर, बेसाल्टवर, उभा आहे. माणदेशातली ज्वारी ज्या मातीत येते तिचं मूळ हाच दगड. पण दगड झिजण्याचे रस्ते दोन आहेत, आणि या दोघा भावांचं घोडं त्या दोन रस्त्यांमधला फरक न कळल्यामुळेच अडलं.

बाप जिवंत असताना भाऊ एकदा कडकडून भांडले. निमित्त कांद्याच्या पैशांचं. यात्रेच्या दिवशी, भर पाहुण्यांत, बापूनं हातातला तांब्या भिंतीवर आपटला आणि दादानं त्याला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. आठ दिवसांत चूल वेगळी झाली, अंगणात कूड उभा राहिला. गाव हळहळलं. घर फुटलं म्हणाले. पण पेरणीच्या वेळी दादाचे बैल बापूच्या रानात होते आणि बापू दादाच्या. सावड मोडली नव्हती. बोलायचं ते दोघं तोंडावर बोलून बसले होते, पोटात काही शिल्लक नव्हतं. कुणी सांत्वनाला आलं की बाप म्हणायचा, "तुकडं झालं, व्हय. पर दोनी तुकडं माजंच हायती."

बाप गेल्यावर भांडण झालं नाही. खरी अडचण तिथून सुरू झाली.

विहिरीवर मोटर एकच, पाणी पाळीनं. दादा एका वहीत बापूच्या पाळीचे तास लिहू लागला, कुणाला न सांगता. बापूच्या नजरेला ती वही पडली, आणि त्यानं ती न पाहिल्यासारखं केलं. वीजबिल आलं की दोघंही "असू दे, मी भरतो" म्हणत आणि भरल्यावर आपापल्या मनात मांडून ठेवत. दिवाळीला दोन्ही घरं एका पंगतीला बसत, आग्रह करकरून वाढत. जावा एकमेकींच्या पोरांना कपडे घेत आणि किमतीची चिठ्ठी काढायला विसरत. बोलणं इतकं गोड झालं की गावाला वाटलं, फुटलेलं घर सांधलं. मला विचाराल तर तांब्या आपटलेला दिवस त्या घराचा बरा दिवस होता.

याच दिवसांत विहिरीच्या बांधकामात, पाण्याच्या वर दोन पुरुषांवर, एका सांध्यातून पिंपळाचं रोप डोकावलं. बोटभर होतं तेव्हा चिमटीनं उपटता आलं असतं. दोघांनीही ते पाहिलं. विहीर सामाईक, तेव्हा जो आधी हात लावेल त्याच्या गळ्यात दुरुस्तीचा खर्च पडेल, असं दोघांनाही वाटलं. दोन पावसाळे गेले. रोप मनगटाएवढं झालं, शेजारचा चिरा जागचा सरकला आणि एके दिवशी धप्पकन पाण्यात पडला. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

शेवटी वाटणी करायचं ठरलं. कागदोपत्री करायची तर आक्काची सही हवी. मुलीचाही हिस्सा असतो. आक्का दिली होती महाबळेश्वरच्या अंगाला, जावळीत. तिला निरोप गेला. ती येईपर्यंत भावांनी निदान दगड तरी वाटून घ्यावा असं काढलं, कारण दादाला त्याच वर्षी घराचा पाया भरायचा होता.

माळावर दगड दोन जागी होता. डोंगराच्या कड्याखाली डबराचा ढीग पडलेला: वेडेवाकडे, टोकदार, अंगाला धार असलेले तुकडे. आणि पलीकडे, रस्त्यासाठी दरड कापली होती तिथं, मातीतून डोकावणारे मोठमोठे गोल धोंडे. सुरेख, अखंड, एकेक बैलगाडीच्या चाकाएवढा. दादानं वडीलकीचा मान म्हणून गोल धोंडे मागितले. बापू म्हणाला, "बरं." त्याच्या बायकोनं त्या रात्री भाकरी थापताना जे आवाज केले ते कुडापलीकडे दादाच्या घरात नीट ऐकू गेले.

पाया भरायला मिस्त्री आला तो वडार, वय सत्तरीच्या पुढं. आयुष्य खाणीत गेलेलं. त्यानं धोंड्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं, पिशवीतून सुतकी काढली आणि पहिल्या धोंड्याला हलकेच टोला दिला. आवाज आला, बद्द. दुसरा धोंडा. बद्द. तिसऱ्याला त्यानं टोला दिलाच नाही, नुसती पहार टेकवली, आणि टोक दोन बोटं आत गेलं.

"दादा, ह्यो दगूड ऱ्हायला न्हाय."

"आवो, डोळ्यांम्होरं एवढा धोंडा हाय, आन् ऱ्हायला न्हाय म्हंता?"

मिस्त्रीनं उत्तर दिलं नाही. घण उचलून घातला. धोंड्याचं वरचं पूड सुटून खाली पडलं, तपकिरी, हातानं चुरगळेल असं. त्याच्या आत दुसरं पूड निघालं. तेही पडलं. तिसरं जरा घट्ट होतं. चौथ्यावर घण पडल्यावर रंग बदलला, तपकिरीतून करडा झाला, आणि मग घागरीएवढा काळा गोळा हाती लागला. त्यावर सुतकी मारली तेव्हा आवाज आला, खण्ण. चार धोंडे फोडून झाल्यावर पायाला चालेल असा दगड पाट्यांनी मोजण्याइतकाच निघाला. बाकी सगळा मुरूम.

मग मिस्त्री कड्याखालच्या डबराकडे गेला. एकेका तुकड्यावर टिचकी मारल्यासारखी सुतकी लावत निघाला. खण्ण, खण्ण, खण्ण. दादा मागून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते लिहिण्यापेक्षा वाचकांनी आपापल्या वाटण्या आठवाव्यात.

"ह्यो कड्यावरनं पडला," मिस्त्री म्हणाला. "मोडला. आजून फोडा, त्येची खडी करा, खडीची कच करा. काळा त्यो काळाच. आन् त्यो धोंडा मोडला न्हाय. जाग्याव बसून बदलला."

इतकं नेमकं नववीच्या भूगोलाच्या पुस्तकातही नाही. बापूची पोरगी त्याच वर्षी नववीत होती, ते पुस्तक घेऊन ती तिथं आली, आणि तिनं मिस्त्रीला सांगितलं की पहिल्याला कायिक विदारण म्हणतात आणि दुसऱ्याला रासायनिक. मिस्त्री म्हणाला, "म्हनत आसतील."

कड्यावरचा दगड कसा मोडतो? दिवसा ऊन त्याला तापवतं, रात्री तो निवतो, रोज थोडा फुगतो, रोज थोडा आकसतो. वरचं ओझं वाहून गेलं की दाबाखालचा खडक सैल होऊन तडकतो. समुद्रकाठच्या किल्ल्यांवर खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण न् कण सुटा करतात. लडाखात भेगेतलं पाणी गोठतं. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, आणि त्या रेट्यापुढं खडकाचं काही चालत नाही. झाडाची मुळं तेच काम सावकाश करतात. या सगळ्यात दगडाचा आकार जातो, पण त्याचं द्रव्य तेच राहतं. तुकडा कितीही लहान होवो, त्यातली खनिजं तीच.

रासायनिक विदारणाला जोर लागत नाही, पाणी लागतं आणि वेळ लागतो. पावसाचा थेंब खाली येता येता हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि किंचित आंबट होतो. जमिनीत मुरताना तो आणखी आंबट होतो, कारण मुळं आणि मातीतले जीव श्वासातून हाच वायू सोडत असतात. हे पाणी खडकाच्या सांध्यांतून उतरतं. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज भरपूर असतं. पाण्याशी संबंध येऊन येऊन त्याची चिकणमाती होते. दगडातलं लोखंड गंजतं, म्हणून काळ्याचा तपकिरी होतो. पुस्तकात याला भस्मीकरण म्हटलं आहे. कॅल्शियम विरघळून निघून जातं. माणसारख्या कोरड्या मुलखात ते फार लांब जात नाही, खालीच चुनखडीचे खडे होऊन बसतं. बापानं विहिरीत दाखवलेले पांढरे खडे ते हेच.

आणि धोंडे गोल का, हे त्या पोरीनं विचारलं तेव्हा मिस्त्रीनं एका चौकोनी चिऱ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं पानी तीन अंगांनी लागतं. कडंला दोन अंगांनी. मधी येकाच. मग आदी कोन जाईल?" खडकात उभ्या-आडव्या सांध्यांनी पडलेले चौकोनी ठोकळे असे जमिनीच्या आतच कोपरे गमावतात, त्यांच्याभोवती पुडांवर पुडं सुटतात, आणि एक दिवस रस्त्यासाठी कुणी दरड कापली की आपल्याला सुरेख गोल धोंडा दिसतो. तो सुरेखपणा कुजण्याचा आहे. डोळ्यांना अखंड दिसतो तो आतपर्यंत पोखरलेला असतो, आणि ज्याच्या अंगावर धार आहे, ज्याला हात लावला तर रक्त निघेल, तो शाबूत असतो.

दोन्ही रस्ते वेगळे असले तरी एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. त्या पोरीनं वहीच्या मागच्या पानावर केलेलं एक गणित इथं देण्याजोगं आहे. एक मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस मीटर. त्याचेच दहा-दहा सेंटीमीटरचे ठोकळे केले तर दगड तेवढाच राहतो, पण पाण्याला शिवायला मिळणारा पृष्ठभाग 60 चौरस मीटर होतो. म्हणजे मोडण्यानं दगड बदलत नाही, पण बदलायला दहापट वाव मिळतो. उलटही खरं आहे. डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकी शास्त्रज्ञानं ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवला आणि निववला. रोजच्या ऊन-थंडीच्या हिशेबानं ती 244 वर्षं झाली. 1936 साली त्यानं निष्कर्ष मांडला: कोरड्या हवेत दगडावर दिसण्याजोगा काही परिणाम झाला नाही. निववताना पाणी वापरलं, तेव्हा मात्र थोड्याच काळात दगडाची चकाकी गेली आणि तडे दिसू लागले. नुसत्या तापण्यानं फार बिघडत नाही. तापलेल्यात काय शिरतं, त्यावर आहे.

आक्का आली ती दुपारच्या एसटीनं. घरात पाय ठेवल्याबरोबर दोन चहा आले, कुडाच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक, आणि दोन्ही तिनं प्यायले. मग ती माळावर गेली. फोडलेल्या धोंड्यांची पुडं तिनं हातात घेऊन चुरगळली.

"आमच्याकडं ह्याच्याही म्होरं गेलंय," ती म्हणाली. "डोंगर ह्योच म्हंत्यात, दगूड ह्योच. पर वळकू येत न्हाय."

ती सांगत होती ते जांभ्याबद्दल. माणदेशात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरात 5,000च्या वर. माणदेशातला माण तालुका आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात, दोन्ही एकाच लाव्ह्याच्या थरांवर. पण त्या घाटमाथ्यावर धुवाधार पावसानं आणि मधल्या उन्हाळ्यांनी लक्षावधी वर्षं काम केलं. दगडातलं कॅल्शियम गेलं, मॅग्नेशियम गेलं, सिलिकादेखील बरीच वाहून गेली. मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. काळा, जड, घट्ट दगड होता तिथं तांबडा, भोकाभोकांचा जांभा झाला. पाचगणीचं टेबललँड पाहायला जाणारे याच जांभ्यावर घोडे दौडवतात. त्याच्याखाली काळा बेसाल्ट आहे असं सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही, आणि त्यांचा दोष नाही.

संध्याकाळी आक्का विहिरीवर गेली. भाऊ मागोमाग. तिनं पिंपळ पाहिला, पडलेल्या चिऱ्याची रिकामी जागा पाहिली.

"ह्यो कवापासनं हाय?"

दोघं गप्प.

"तुमच्यापैकी कुणाच्या डोळ्यात दोष हाय का?"

तरी गप्प. मग बापूच्या तोंडून निघून गेलं, "दादाच्या वहीत बगा की, लिवलं आसंल त्येनं."

अशा रीतीनं वही बाहेर आली. आक्कानं ती मागून घेतली नाही. तिनं दादालाच ती आणायला लावली आणि कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचायला लावली. लाईट होती, पण कंदील लावला, कारण त्या वेळी मोटरची पाळी दादाची होती आणि लोड यायला नको, हा बापूचा टोमणा. दादा वाचू लागला. अमुक तारखेला बापू चार तास. बापू म्हणाला, साडेतीन, अर्धा तास फेज गेली होती. अमुक तारखेला पाच तास. बापू म्हणाला, त्यातला एक तास तुझ्याच उसाला सोडला, तू मुंबईला होतास, तुला सांगितलं नाही एवढंच. दादा थबकला. पुढचं पान. आवाज चढले. कुडाच्या दोन्ही बाजूंना बायका येऊन उभ्या राहिल्या. वीजबिल निघालं, किमतीच्या चिठ्ठ्या निघाल्या, डबर आणि धोंडे निघाले. कांद्याचे पैसेसुद्धा निघाले, पण त्यांत कुणाला दम वाटला नाही, ते केव्हाच संपलेले होते. रात्र बरीच झाल्यावर, वहीत न लिहिलेली एक गोष्ट बापूनं काढली. बाप गेला त्या रात्री बापू कांदा घेऊन पुण्याच्या मार्केटला होता. दादानं फोन पहाटे केला. रात्रीच केला असता तर बापू पोचला असता.

दादा म्हणाला, "गाडीवर व्हतास. रातीच्या घाटात हात कापला आसता तुजा, म्हणून न्हाय केला." थोड्या वेळानं म्हणाला, "पर करायला पायजे व्हता. चुकलं माजं."

इथं मध्ये पडून मी काही समजावून सांगणार नाही. मिस्त्री ओट्यावर झोपला होता आणि त्याचा घण त्याच्या उशाशी होता, एवढंच नोंदवतो.

सकाळी आक्कानं सांगितलं, "बाप म्हणायचा, दोनी तुकडं माजंच. त्येचं निम्मंच खरं. तुकडं झालं की पाणी शिरायला जागा होती, ह्ये त्यानं न्हाय सांगितलं. तवा जमीन वाटा. बांध घाला, कुंपण घाला, मला त्येचं काय न्हाय. पर विहीर वाटायची न्हाय, आन् विहिरीवरनं माजं नाव काढायचं न्हाय. मला पाणी नकू. दर उन्हाळ्यात येईन, वही माज्यासमोर वाचायची. दोघांनी लिवायची, दोन वह्या. ह्ये कबूल आसंल तर बाकीच्यावर सही करते."

दादा म्हणाला, "आन् तू आली न्हाईस तर?"

"तर माज्या हिश्श्याचं पाणी इकीन," आक्का म्हणाली. ती हे खरंच करेल याबद्दल दोघांपैकी कुणालाही शंका नव्हती.

पिंपळ काढायला बापू दोर बांधून उतरला, दोराचं वरचं टोक दादाच्या कमरेला. नुसता तोडून भागत नाही, तोडलेला पुन्हा फुटतो. मिस्त्रीच्या सांगण्यावरून सांध्याशेजारचे आणखी चिरे काढावे लागले, तेव्हा मुळं दिसली. ती भेगेचा आकार घेऊन चपटी झाली होती आणि जिथं दगडाला चिकटली होती तिथला दगड पिवळा पडून मऊ झाला होता. मुळं रेटतातही आणि पाझरतातही. दोन्ही विदारणं एकाच पिंपळात. सगळं मूळ खरवडून काढलं, चिरे परत बसवले, सांधे भरले. खर्च दोन्ही वह्यांत लिहिला गेला, निम्मा-निम्मा.

दादाच्या घराचा पाया बापूच्या डबरावर भरला. बापूनं डबर फुकट दिलं नाही. ब्रासचा बाजारभाव लावला, गाडीभाडं वेगळं, आणि दादानं पैसे रोख मोजले. गावानं नावं ठेवली. सख्ख्या भावाकडून दगडाचे पैसे घेतो म्हणाले. गावाला फुकटाचे उपकार कळतात, त्यांचं पुढं काय होतं ते कळत नाही. मला तो व्यवहार त्या घरातल्या सगळ्या दिवाळ्यांपेक्षा स्वच्छ वाटतो. पैसे देताना दादानं एका गाडीबद्दल घासाघीस केली, बापूनं ऐकलं नाही, दोघांनी एकमेकांना चार शब्द सुनावले आणि मग एकत्र जेवले.

राहिले गोल धोंडे. दादा त्यांना सडका माल म्हणत असे. घागरीएवढे गोळे निघाले ते जोत्याच्या चार कोपऱ्यांत बसले. मुरूम दोन्ही अंगणांत पसरला. त्या कापलेल्या दरडीच्या वर, जिथं असे धोंडे जमिनीतच मऊ होत चालले होते, तिथं दादानं पुढच्या वर्षी डाळिंब लावलं, कारण डाळिंबाला मुरमाड जमीन मानवते. कड्यावरचा खणखणीत काळा दगड पायाला उत्तम, पण त्यावर डाळिंब लागत नाही, ज्वारीही लागत नाही. तो तसाच राहिला असता तर माणदेशात माणूस राहिला नसता. मिस्त्रीनं "ह्यो दगूड ऱ्हायला न्हाय" म्हटलं होतं तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं होतं की तो पायाला चालणार नाही. दादानं त्याचा अर्थ फुकट गेला असा घेतला, तो त्याचा उतावळेपणा.

पावसाळ्यापूर्वी वाटणीचे कागद झाले. आक्कानं मळ्यावरचा आणि माळावरचा हक्क सोडला. तलाठ्यानं फेरफार धरला, हरकत कुणाची आली नाही. आता दोन वेगळे सातबारे निघतात, आणि दोन्हींवर इतर अधिकारांच्या रकान्यात विहिरीपुढं तिघांची नावं आहेत.